विश्लेषण : आधी छप्पर, मग पदवी… महर्षी कर्वे यांनी हिंगण्यात नेमके काय केले?

पुण्यात कर्वे रोड आहे, मुंबईत चर्चगेटजवळून जाणारा महर्षी कर्वे रोड आहे आणि हिंगणे बुद्रुक या गावाचे तर नावच कर्वेनगर झाले आहे. नाव रोज कानावर पडते. मात्र त्यांच्याबद्दल विचारले, तर बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळी आठवतात. विधवेशी विवाह केला आणि महिला विद्यापीठ स्थापन केले. पहिली घटना १८९३ची, दुसरी १९१६ची. मधल्या २३ वर्षांबद्दल पुस्तकात फारसे काही नसते आणि खरे काम त्या २३ वर्षांतच झाले. अक्षरओळख नसलेली, केशवपन झालेली, सासरी आणि माहेरी दोन्हीकडे ओझे ठरलेली वीस वर्षांची मुलगी कॉलेजपर्यंत जायची असेल, तर तिला सर्वात आधी काय लागेल, हा प्रश्न धोंडो केशव कर्वे यांनी या काळात सोडवला.

त्या काळी कायदा आडवा येत होता का?

नाही. विधवांच्या पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता. मुंबई विद्यापीठाचे दरवाजेही मुलींना बंद नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या, त्याला तेव्हा काही वर्षे होऊन गेली होती. म्हणजे कागदावर सगळे खुले होते.

अडचण कागदाबाहेरची होती. उच्चवर्णीय घरात मुलीचे लग्न आठ-दहा वर्षांच्या वयात लागायचे. नवरा दगावला, की तिचे आयुष्य स्वयंपाकघर आणि माजघरात संपायचे. केशवपन, एकवेळचे जेवण, मंगलप्रसंगी समोर यायचे नाही. अशा मुलीच्या हाती स्वतःचा पैसा नाही, राहायला स्वतःची जागा नाही आणि शिकायचे ठरवले तरी सुरुवात मुळाक्षरांपासून. तिला मॅट्रिकचा इंग्रजी अभ्यासक्रम दाखवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला समुद्र खुला आहे असे सांगण्यासारखे होते.

या मुलींसाठी पहिली मोठी जागा पंडिता रमाबाईंनी उभी केली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. पण रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या आणि सदनातल्या मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडतो, असा आरोप होऊ लागला. १८९३ मध्ये वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. काढून नेलेल्या मुली कुठे गेल्या असतील, याचे उत्तर अवघड नाही. त्या घरी परतल्या.

कर्वे यात कसे आले?

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा, कोकणातल्या शेरवली गावी, आजोळी. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. परिस्थिती बेताची. सतरा वर्षांचे असताना सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा देण्यासाठी ते सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. भर पावसात, घाट चढून, शंभर मैलांहून अधिक अंतर. तिथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून परत पाठवले. परीक्षा त्यांनी पुढे दिली आणि पासही झाले. मॅट्रिक होईपर्यंत मात्र वयाची २३ वर्षे उलटली. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बीए. उशिरा शिकणाऱ्याला वेळ कसा कमी पडतो, हे कर्वे यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मुंबईत ते मुलींच्या शाळांमध्ये गणित शिकवत आणि शिकवण्या करत. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना फर्ग्युसन कॉलेजात बोलावले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर गणिताच्या प्राध्यापकाची गरज होती. सोसायटीच्या आजीव सदस्याला मिळणारे वेतन महिना ७५ रुपये होते. कर्वे तिथे १९१४ पर्यंत शिकवत राहिले. त्याच १८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाईंचे निधन झाले. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. हेच पुढे संततिनियमनाचे काम करणारे र. धों. कर्वे.

दुसऱ्या विवाहाने काय बदलले?

मित्र आणि नातलग पुन्हा लग्न करा म्हणून मागे लागले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिशी ओलांडलेल्या विधुरासाठीही बारा-तेरा वर्षांची मुलगी शोधली जायची. कर्वे यांनी विधवेशीच लग्न करण्याची अट घातली. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई शारदा सदनात शिकत होत्या. त्या मूळच्या देवरुखच्या. आठव्या वर्षी लग्न आणि तीन महिन्यांत वैधव्य. सदनात दाखल झालेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. मार्च १८९३ मध्ये पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणत.

मुरूडने या जोडप्याला वाळीत टाकले. स्वतःच्या आईच्या घरी जाऊन राहणेही कर्वे यांना अवघड झाले. त्यांनी त्याच वर्षी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली, पण दोन-तीन वर्षांतच त्यांच्या लक्षात आले, की या वाटेने वर्षाला मोजकीच लग्ने लागतात. लग्न करायला धजावणारे पुरुष थोडे, मुली देणारे पालक त्याहून थोडे. आणि ज्यांना पुन्हा लग्नच करायचे नाही किंवा ज्यांची मुले आहेत, त्यांचे काय? त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहता यायला हवे होते. गणिताच्या माणसाने समीकरणातला चल बदलला, असे म्हणायला हरकत नाही.

वसतिगृह का आणि पैसा कुठून?

१८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. कर्वे यांनी साठवलेले एक हजार रुपये दिले आणि नंतर स्वतःची पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. ७५ रुपये महिन्याच्या हिशेबाने पाच हजार म्हणजे साडेपाच वर्षांची कमाई होते. घरी बायको, मुले. ही ओढाताण आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात आडपडदा न ठेवता लिहिली आहे. नवऱ्याच्या थोरपणाची किंमत घरातली बाई कशी चुकवते, हे समजून घ्यायचे असेल तर चरित्रांपेक्षा हे पुस्तक जास्त उपयोगी आहे. त्यांनी स्वतः नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले होते, हेही इथे सांगायला हवे.

आश्रम पुण्यात सुरू झाला, पण शहरात प्लेगची साथ वारंवार येत होती. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा दिली आणि १९०० मध्ये तिथे एक साधी झोपडी उभी राहिली. तेव्हाचे हिंगणे म्हणजे ओसाड माळ. रस्ता नाही, पावसाळ्यात चिखल. फर्ग्युसनपासून अंतर सुमारे चार मैल. कॉलेजचे तास संपले, की कर्वे खांद्यावर भाजी, किराणा, पुस्तके घेऊन हिंगण्याला चालत जायचे, मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजात. हे वर्षानुवर्षे चालले.

आता या आश्रमाची रचना पाहा, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मुलीला आधी राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण. गरीब विधवेकडून पैसे घ्यायचे नाहीत, ज्यांना जमेल त्यांनी द्यायचे. मग लिहिणे-वाचणे. मग असे शिक्षण, ज्याने पगार मिळेल. शिक्षिका, परिचारिका, सुईण. तेव्हा मुलींच्या शाळा वाढत होत्या आणि शिकवायला बायका मिळत नव्हत्या. त्यामुळे शिकलेल्या विधवेला काम मिळण्याची शक्यता खरोखर होती. काशीबाई देवधर, वेणूबाई नामजोशी यांच्यासारख्या इथे आलेल्या स्त्रियाच पुढे संस्थेच्या कार्यकर्त्या झाल्या. म्हणजे आश्रमाला लागणारे मनुष्यबळ आश्रमच तयार करू लागला.

यातली पहिली पायरी आजही निसटते. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय मोठा आहे. पण तालुक्याच्या गावातून पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या मुलीच्या घरचा हिशेब शुल्कावर संपत नाही. खोलीचे भाडे, मेस, जाण्या-येण्याचा खर्च आणि मुलगी राहणार कुठे, ही काळजी. इंजिनीअरिंगच्या वर्गात चांगले गुण असूनही गावाजवळचे कॉलेज निवडलेल्या मुली कुणी पाहिल्या नाहीत?

कर्वे पैसा जमवायचे कसे?

फिरून. सुट्टी लागली, की वर्गणीच्या दौऱ्यावर. ते फर्डे वक्ते नव्हते. सावकाश, साधे बोलायचे. पण हिशेब चोख. कुणी चार आणे दिले तरी त्याची नोंद व्हायची आणि वार्षिक अहवालात जमाखर्च छापला जायचा. लोकांनी विश्वास ठेवला तो या हिशेबावर.

त्यांच्याहून धाडसी वर्गणीदूत मात्र आनंदीबाईंची बहीण निघाली. पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. त्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि केशवपन केलेल्या डोक्याने, लुगड्याचा पदर घेऊन गावोगाव व्याख्याने देत निधी जमवू लागल्या. विधवेने चारचौघांत उभे राहून बोलणे हीच तेव्हा खळबळ होती. पुढे त्यांनी केशवपनही सोडले. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिशीच्या आसपास, इंग्रजी जेमतेम येत असताना त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि दोन वर्षांनी परतल्या. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा सगळा प्रवास आहे. त्यांच्यावर एखादी वेब मालिका अजून कशी आली नाही, याचे आश्चर्य वाटते.

आश्रमासाठी कोणती तडजोड केली?

कर्वे यांच्या चरित्रातला हा सर्वात अवघड भाग, आणि बहुतेक गौरवलेखांत तो दोन वाक्यांत उरकलेला असतो.

पालक आपली विधवा मुलगी आश्रमात पाठवतील, पण तिचे तिथे पुन्हा लग्न लावून देतील अशी भीती असेल तर पाठवणार नाहीत. देणगीदारांचेही तसेच. शारदा सदनाचे काय झाले, हे सगळ्यांनी पाहिले होते. म्हणून कर्वे यांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळा ठेवला आणि विधवाविवाह मंडळीच्या जबाबदारीतूनही ते बाजूला झाले. स्वतः विधवेशी लग्न करून वाळीत पडलेल्या माणसाने हे केले. याचा सर्वात मोठा फटका आनंदीबाईंना बसला. पुनर्विवाहित म्हणून त्यांना नवऱ्याच्याच संस्थेत सुरुवातीला जागा नव्हती. कर्वे संध्याकाळी हिंगण्याला आणि आनंदीबाई मुलांना घेऊन पुण्यात, असा संसार बराच काळ चालला.

हे बरोबर होते का? आश्रमात मुली येत राहिल्या आणि तो टिकला, हे खरे. ज्या मुलीसाठी घराबाहेर पडण्याचा हा एकच मार्ग होता, तिच्या दृष्टीने कर्वे यांचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण त्याची किंमत स्वतः कर्वे यांच्यापेक्षा आनंदीबाईंनी अधिक मोजली, हेही तितकेच खरे. पुढे त्याच बाया लग्नकार्यात, समारंभात जाऊन संस्थेसाठी निधी मागत फिरल्या. संस्था आज त्यांच्या नावाने बाया कर्वे पुरस्कार देते.

दुसरी मर्यादा जातीची. आश्रमातल्या बहुतेक मुली ब्राह्मण घरांतल्या होत्या. पुनर्विवाहबंदी आणि केशवपनाचा जाच मुख्यतः उच्चवर्णीयांत होता, हे त्यामागचे एक कारण. तरीही सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी पुण्यातच पन्नास वर्षांपूर्वी सर्व जातींच्या मुलींसाठी शाळा काढल्या होत्या, हे लक्षात घेतले तर ही मर्यादा डोळ्यांत भरते. जातिभेद मोडण्यासाठी कर्वे यांनी समता संघ स्थापन केला तो १९४४ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी.

मग विद्यापीठ कशासाठी?

१९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले आणि केवळ विधवाच नव्हे तर अविवाहित मुलीही शिकू लागल्या. पुढच्या वर्षी आजीव कार्यकर्त्यांसाठी निष्काम कर्ममठ निघाला. आता शाळा होती, वसतिगृह होते. पण शाळेनंतर? मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक इंग्रजीत आणि कॉलेजही इंग्रजीत. विसाव्या वर्षी धुळाक्षरे गिरवलेल्या मुलीसाठी हा रस्ता फार लांबचा होता.

अशात टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्वे यांच्या हाती आली. १९१५च्या अखेरीस मुंबईत झालेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि जून १९१६ मध्ये विद्यापीठ स्थापनही झाले. त्यांचे वय तेव्हा ५८. ज्या वयात आपण निवृत्तिवेतनाचे अर्ज भरतो, त्या वयात या माणसाने विद्यापीठ काढले! डॉ. रा. गो. भांडारकर पहिले कुलपती आणि रँग्लर र. पु. परांजपे पहिले कुलगुरू. विद्यार्थिनी पाच.

दोन गोष्टी वेगळ्या होत्या. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, इंग्रजी हा एक विषय. आणि अभ्यासक्रमात आरोग्य, गृहशास्त्र असे विषय. पदवीचे नावही संस्कृत वळणाचे, गृहीतागमा. सरकारची मान्यता नव्हती, त्यामुळे ही पदवी सरकारी नोकरीत चालत नसे.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. सनातन्यांना बायकांचे कॉलेजच नको होते. सुधारकांपैकी काहींना ही दुय्यम दर्जाची पदवी वाटली. मुलींना वेगळा, सोपा अभ्यासक्रम आणि त्यात पुन्हा स्वयंपाकपाणी कशाला, असा आक्षेप होता. तो अगदी चुकीचा नाही. स्त्रीचे मुख्य कार्यक्षेत्र घर आहे, असे कर्वेही मानत आणि या बाबतीत ते त्यांच्या काळाच्या फार पुढे नव्हते. मात्र मातृभाषेच्या मुद्द्यावर ते बरोबर ठरले. ज्यांना मुंबई विद्यापीठात जाता येते त्यांनी तिथे जावे, ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी दुसरे दार हवे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१५ लाखांची देणगी काय होती?

१९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली. साडेतीन टक्क्यांनी तिचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये होते. चार-चार आण्यांवर चाललेल्या संस्थेला प्रथमच दरवर्षी ठरलेले उत्पन्न मिळाले. विठ्ठलदासांच्या आईच्या नावावरून विद्यापीठाचे नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजेच एसएनडीटी झाले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेले. कायद्याने मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्य यावे लागले. ती १९५१ मध्ये मिळाली, स्थापनेनंतर ३५ वर्षांनी.

पुढचे तपशील थोडक्यात. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे १९२९ मध्ये युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर गेले, टोकियोचे ते महिला विद्यापीठही त्यांनी पाहिले. त्यानंतर आफ्रिका. सगळीकडे व्याख्याने आणि वर्गणी. आनंदीबाई १९५० मध्ये गेल्या. १९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न. त्याच वर्षी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. हयात असताना भारतीय टपाल तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वय १०४ वर्षे होते.

हिंगण्याच्या माळावर आता काय आहे?

आश्रम चालवणारी संस्था आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. कर्वेनगरच्या आवारात शाळा आहेत, वसतिगृहे आहेत आणि १९९१ मध्ये सुरू झालेले मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. दरवर्षी प्रवेशाच्या काळात इथल्या फाटकाशी बॅगा, बादल्या आणि गाद्या घेऊन मुली आणि त्यांचे पालक उभे असतात. कॉलेजचा प्रवेश निश्चित झालेला असतो. चौकशी चाललेली असते ती वसतिगृहातल्या जागेची.